बारा वस्तूंची निसर्गपेटी आणि एक घडीचे भिंग

गेल्या जूनमध्ये माझ्या नातवाला सातवे वर्ष पूर्ण झाले, तेव्हा लेकीने आणि जावयाने ऑनलाइन मागवलेली मुलांची निसर्गसंशोधनाची पेटी आमच्या साताऱ्याच्या घरी येऊन पोहोचली. किंमत १,४९९ रुपये, आत एकूण बारा वस्तू, आणि खोक्यावर घनदाट जंगलात गुडघ्यावर बसून किडा न्याहाळणाऱ्या दोन गोऱ्या मुलांचे चित्र. मी बत्तीस वर्षे एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम केले असल्यामुळे काचेच्या उपकरणांबद्दल माझे मत थोडे कडक असते, हे आधीच सांगून टाकते. सात महिने ही पेटी नातवाच्या हाती राहिली. त्यापैकी दोन वस्तू रोज वापरात आहेत, आणि त्यातलीही एक पेटीतली नाही, आम्ही नंतर वेगळी विकत घेतलेली आहे. मूल निसर्गाकडे वळावे म्हणून कोणी अशी पेटी घेण्याच्या विचारात असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पेटी बनवणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच धर्तीच्या आणखी दोन पेट्या मी शेजाऱ्यांकडे पाहिल्या आणि त्यांतला माल जवळपास सारखाच निघाला.

पेटीत पाठपिशवी, टोपी, दुर्बीण, होकायंत्र, शिट्टी, विजेरी, फुलपाखरांचे जाळे, प्लास्टिकचा चिमटा, झाकणात भिंग बसवलेली बरणी, मुठीचे मोठे भिंग, घडीचे लहान भिंग आणि एक वही आहे. टोपी, शिट्टी आणि विजेरी यांच्याविषयी बोलण्यासारखे काही नाही. होकायंत्राचा काटा उत्तर दाखवतो, पण विजेरीजवळ ठेवल्यास विजेरीच दाखवतो. दुर्बिणीतून पाहिले असता समोरच्या घराच्या पत्र्यावरचा कावळा दोन दिसतात, म्हणजे तिच्या दोन नळ्या एकमेकींना समांतर नाहीत, आणि अशा दुर्बिणीतून मुलाने पाच मिनिटांहून अधिक पाहिले तर डोके दुखते. ती मी दुसऱ्याच दिवशी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. जाळ्याची दांडी पहिल्या आठवड्यात वाकली, आणि त्याबद्दल मला वाईट वाटले नाही, कारण उडत्या फुलपाखरावर जाळे मारले की त्याच्या पंखांचे खवले झडतात आणि मुलाच्या हाती संशोधनाऐवजी शिकार येते.

खरा प्रश्न भिंगांचा आहे. मुठीच्या मोठ्या भिंगावर ‘१०X’ आणि घडीच्या लहान भिंगावर ‘६०X’ असे छापलेले होते. भिंग किती पट मोठे दाखवते हे घरच्या घरी तपासता येते आणि ते प्रत्येकाने तपासावे असे मला वाटते. खिडकीसमोरच्या भिंतीवर कोरा कागद लावावा, भिंग कागदाच्या पुढे धरून हळूहळू मागेपुढे करावे, आणि खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाची उलटी, लहानशी प्रतिमा कागदावर स्पष्ट उमटली की भिंगापासून कागदापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. हे त्या भिंगाचे नाभीय अंतर होय. साधारण २५ सेंटिमीटर हे डोळ्याला ताण न देता स्पष्ट पाहण्याचे अंतर धरले जाते, म्हणून २५ला त्या नाभीय अंतराने भागले की किती पट मोठे दिसेल याचा अंदाज येतो. आमच्या मोठ्या भिंगाचे अंतर १२ सेंटिमीटर भरले, म्हणजे ते जेमतेम दोन पट मोठे दाखवते. ‘६०X’ भिंगाचे अंतर अडीच सेंटिमीटरच्या आसपास निघाले, म्हणजे ते दहा पटींचे आहे. खरोखर साठ पट मोठे दाखवायचे असते तर ते अंतर चार मिलिमीटरांच्या जवळ असायला हवे होते आणि अशी काच हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान झाली असती. छापील आकड्यातला हा खोटेपणा मला फार खटकला. मुलाला मोजमाप शिकवण्यासाठी घेतलेल्या वस्तूवर तरी मोजमाप खरे असावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

दहा पट पुरेसे असते, किंबहुना शेतात, बांधावर किंवा खडकावर वनस्पती आणि दगड पाहणारे लोक गळ्यात अडकवतात ते भिंग दहा पटींचेच असते. तेव्हा हे घडीचे भिंग तरी चालेल असे मला आधी वाटले होते. मग आलेखाच्या कागदावर धरून पाहिले. मधल्या दोन-तीन चौकटी सरळ दिसत होत्या, पण कडेच्या रेषा धनुष्यासारख्या वाकत होत्या आणि प्रत्येक रेषेला एका बाजूने निळी, दुसऱ्या बाजूने पिवळी झालर दिसत होती. ती एकच काच होती आणि तीही प्लास्टिकची. नातवाने त्यातून पहिल्यांदा जास्वंदीचे फूल पाहिले आणि “आजी, हे धूसर आहे” असे म्हणून भिंग खाली ठेवले. लहान मूल उपकरणाला दोष देत नाही, बघण्यासारखे काही नाही असे समजते, आणि वाईट उपकरणाचा हाच खरा तोटा आहे.

जूनच्या अखेरीस पुण्याला जाणे झाले, तेव्हा विज्ञानसाहित्य विकणाऱ्या एका दुकानातून मी दहा पटींचे, तीन काचा एकत्र चिकटवून बनवलेले, १८ मिलिमीटर व्यासाचे घडीचे भिंग ६५० रुपयांना आणले. तीन काचांमुळे रंगांची झालर नाहीशी होते आणि कडेपर्यंतच्या रेषा सरळ राहतात. जवाहिरे हिरे पाहण्यासाठी वापरतात ते हेच. पेटीपेक्षा निम्म्याहून कमी किमतीत आलेल्या या एका वस्तूने पुढचे सहा महिने व्यापले. ते वापरण्याची पद्धत मात्र मुलाला शिकवावी लागते, कारण चित्रांत पाहून सगळ्यांनाच भिंग हात लांब करून धरण्याची सवय लागलेली असते. हे भिंग डोळ्याच्या अगदी जवळ, पापणी लागेल इतके जवळ धरायचे असते आणि मग पान, फूल किंवा दगड उचलून भिंगाकडे आणायचा असतो, साधारण दोन बोटांच्या अंतरापर्यंत. भिंग धरलेला हात गालाला टेकवला की थरथर थांबते. नातवाला हे जमायला दोन दिवस लागले. जमले त्या क्षणी त्याने जास्वंदीच्या परागकोशावरचे पिवळे दाणे पाहिले आणि ते “वेगवेगळे” आहेत, म्हणजे पीठ नसून एकेक दाणा आहे, हे कोणी न सांगता त्याला कळले.

त्याच्या आधी, पेटी आली त्याच आठवड्यात, मृगाचा पहिला पाऊस झाला होता आणि अंगणातल्या ओल्या मातीवर मृगाचे किडे निघाले होते. लालभडक मखमलीचा हा जीव आमच्या लहानपणी आम्ही तळहातावर घेऊन फिरायचो. पेटीतली झाकणात भिंग असलेली बरणी इथे पहिल्यांदा कामी आली. बरणीचे भिंग दोन-अडीच पटींचेच आहे, पण किडा आत मोकळा चालतो आणि दोन्ही हात रिकामे राहतात. नातवाने पाय मोजले. सहा असतील असे त्याने आधीच ठरवले होते, कारण शाळेत कीटकांना सहा पाय शिकवले होते. मोजल्यावर आठ भरले. तीनदा मोजून आठच. मग तो कीटक नसून कोळ्याच्या कुळातला आहे हे मी सांगितले आणि दहा मिनिटांनी बरणी अंगणात उपडी केली. बरणीविषयी हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला: दहा मिनिटे, सावलीत, आणि जिथून उचलले तिथेच सोडायचे. झाकणाला भोके असली तरी उन्हात ही बरणी पाच मिनिटांत तापते, ही बाब पेटीबरोबरच्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नाही.

याच बरणीची मर्यादा जुलैमध्ये कळली. परसातल्या कढीलिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, पिवळसर, गोल अंडे नातवाला दिसले. चौथ्या दिवशी त्यातून अळी निघाली आणि निघाल्याबरोबर तिने अंड्याचे रिकामे कवच खाल्ले, हे त्याने भिंगातून प्रत्यक्ष पाहिले. पहिले काही दिवस ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटची कात टाकल्यावर मात्र हिरवीगार होते, आणि तिला गवताच्या काडीने हळूच टोचले तर डोक्यामागून लाल रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. हा वास नातवाला इतका आवडला की काडी काढून घ्यावी लागली. कॉमन मॉर्मन या फुलपाखराची ती अळी होती. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या याच जातकुळीतले ब्लू मॉर्मन हे आपले राज्यफुलपाखरू आहे. माहितीपत्रकात अळी बरणीत ठेवून तिचे फुलपाखरू होताना पाहा, असा सल्ला होता. तो पाळला असता तर फुलपाखरू अपंग झाले असते. कोषातून बाहेर आल्यावर पंख चुरगळलेल्या कापडासारखे असतात आणि ते ताणून वाळवण्यासाठी त्याला उंचावर धरून खाली पंख मोकळे सोडायला जागा लागते, आणि आठ सेंटिमीटर उंचीच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या डब्यात ती मिळत नाही. शिवाय पानांच्या ओलाव्याने आतून बाष्प धरते आणि विष्ठेला बुरशी येते. आम्ही बिस्किटांची मोठी काचेची बरणी आडवी ठेवली, तोंडावर जुन्या साडीचे मलमल रबराने बांधले, आत कढीलिंबाची डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत खोचून उभी केली आणि खाली वर्तमानपत्र घातले, जे रोज बदलायचे. हा खर्च शून्य रुपये.

अळीने अठराव्या दिवशी डहाळीला रेशमाचा पट्टा बांधून कोष केला आणि त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी सात वाजण्याच्या सुमारास फुलपाखरू बाहेर आले. पंखांवर लाल ठिपके होते. शेजारच्या मुलाने ते कॉमन रोज असल्याचे ठामपणे सांगितले, कारण चित्र तसेच होते. पण कॉमन रोजचे अंग लाल असते आणि आमच्या पाहुणीचे अंग काळे होते. कॉमन मॉर्मनच्या काही माद्या विषारी कॉमन रोजची नक्कल करतात, म्हणजे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. ही गोष्ट मी नातवाला सांगण्याआधी त्याला एवढेच विचारले होते की आपण कढीलिंबाची पाने खायला घातलेली अळी दुसरे फुलपाखरू कसे होईल. त्याने अर्धा दिवस विचार केला आणि “म्हणजे ही सोंग घेऊन आलीय” असे म्हणाला.

पेटीवरच्या जंगलाच्या चित्राविषयी इथे लिहायला हवे. सप्टेंबरमध्ये आम्ही कास पठारावर गेलो. साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटर, तिकीट काढून, भिंग गळ्यात अडकवून. तिथे हे भिंग जवळजवळ निरुपयोगी ठरले आणि तसेच व्हायला हवे होते. दहा पटींच्या भिंगाला अडीच सेंटिमीटरवर जावे लागते. कासला वाट सोडून फुलांत उतरायचे नसते, फूल तोडायचे तर नसतेच. सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा नातवाने लांबून पाहिला आणि ती किडे पकडणारी वनस्पती आहे हे ऐकून त्याला तिचा जमिनीखालचा भाग बघायचा होता, ते अर्थातच शक्य नव्हते. तो हिरमुसला. परतताना यवतेश्वराच्या घाटात रस्त्याकडेच्या ओल्या दगडी बांधावर थांबलो, तिथल्या शेवाळावर त्याने भिंग लावले आणि तिथून वीस मिनिटे उठला नाही. शेवाळाच्या केसाएवढ्या दांड्यांच्या टोकांना टोपी घातलेल्या कुप्या असतात, हे कासच्या एकाही फुलापेक्षा त्याला जास्त भावले. जावयाने तोपर्यंत गाडीत दोनदा हॉर्न वाजवला होता.

माझा स्वतःचा सर्वांत आवडता प्रयोग घराच्या जुन्या आडावरच्या नेच्याचा आहे. नेच्याच्या पानाच्या मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा असतात. भिंगातून पाहिले की प्रत्येक ठिपका म्हणजे बारीक गोलकांचा ढीग असल्याचे दिसते. असे पक्व पान तोडून आणावे आणि टेबललॅम्पच्या उष्ण उजेडाखाली धरून भिंगातून पाहत राहावे. गोलकांच्या भिंतीतले पाणी सुकू लागले की त्यांची एक बाजू धनुष्यासारखी मागे ताणली जाते आणि अचानक सुटून बीजाणू भिरकावते. सगळा ठिपका वळवळू लागतो, तडतडत्या फोडणीसारखा. ऐंशीच्या दशकात मी हे मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत असे, पण तिथे एका वेळी एकच गोलक दिसतो आणि ही गंमत हरवते. दहा पटींत सगळी फोडणी एकदम दिसते. आताचे एलईडी दिवे पुरेसे तापत नाहीत, त्यामुळे जुना पिवळा बल्ब लागतो, आणि तो मिळवायला मला तीन दुकाने फिरावी लागली.

ऑक्टोबरमध्ये उंबर झाला. बरेच दिवस घरी न आलेल्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. नातवाला हा वाक्प्रचार माहीत होता, म्हणून त्याने फूल कुठे असते असे विचारले. अर्धवट पिकलेले, किंचित लालसर झालेले एक उंबर मी सुरीने मधोमध कापले. आत शेकडो फुले होती आणि त्यांतून दोन मिलिमीटर लांबीच्या, पंख असलेल्या गडद माद्या आणि पंख नसलेले फिकट नर बाहेर पडू लागले. याच चिमुकल्या गांधीलमाशा उंबराच्या परागीभवनाचे काम करतात आणि त्यांची पिढी त्या फळातच वाढते. भिंग नसते तर हे सगळे ‘किडके उंबर’ म्हणून फेकले गेले असते. त्या दिवसापासून नातू पाहुण्यांना उंबराचे फूल म्हणू देत नाही, ही मात्र घरात थोडी अडचण झाली आहे.

पेटीतल्या वहीबद्दलही सांगायला हवे. तिच्यात रंगीत चित्रे आणि शेजारी खूण करायच्या चौकटी आहेत: ओकचे फळ, मॅपलचे पान, रॅकून, लाल खार. यांतली एकही गोष्ट सातारा जिल्ह्यात दिसत नाही. आघाड्याचे कपड्यांना चिकटणारे बी, तेरड्याची बोट लावताच फुटणारी शेंग, लाजाळू, गोगलगाय, पडवीतल्या कोरड्या धुळीत नरसाळ्यासारखे खड्डे करून मुंग्यांची वाट पाहणारी अळी, यांतले काहीही वहीत नाही. भारतात विकायच्या पेटीत भारतातले चार प्राणी घालायला किती खर्च येतो हे मला माहीत नाही, पण पैसे भारतीय पालकांकडून घेतले जातात. नातवाने सगळ्या छापील पानांना फुली मारली आणि मागच्या कोऱ्या पानांवर स्वतःच्या नोंदी सुरू केल्या. डिसेंबरमधली एक नोंद अशी आहे: “कुसळ. पाणी टाकले. फिरले. वाळले. उलटे फिरले.” कुसळी गवताचे लांब, पीळ पडलेले कुसळ ओले झाले की उलगडते आणि वाळले की पुन्हा पीळ घेते. या हालचालीने बी जमिनीत स्वतःला स्क्रूसारखे पिरगाळून घेते. भिंगातून त्याच्या टोकावरचे मागे वळलेले केस दिसतात, त्यामुळे पायमोज्यात शिरलेले कुसळ पुढेच का जाते आणि मागे का येत नाही, हे एका दृष्टिक्षेपात समजते.

काही सावधगिरी सांगणे गरजेचे आहे. भिंगातून सूर्याकडे पाहायचे नाही, हे मुलाला पहिल्या दिवशी आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा सांगावे. मी स्वतः पेटीतले मोठे भिंग एकदा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून विसरले आणि दुपारच्या उन्हात खालच्या वर्तमानपत्राला रुपयाएवढे भोक पडले होते. तेव्हापासून भिंगे वापरून झाली की डब्यात बंद होतात. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, कारण अंगाला खाज सुटून पुरळ येते. पावसाळ्यात गवतात किंवा दगड उचलताना मोठे माणूस बरोबर हवे. प्लास्टिकचा चिमटा मात्र मी आनंदाने मुलाच्या हाती देते. तो इतका मऊ आहे की मुंगीलाही इजा होत नाही, आणि पेटीतल्या बरणीनंतर टिकलेली ती दुसरी वस्तू म्हणता येईल.

कोणी म्हणेल की मोबाइलच्या कॅमेऱ्याने यापेक्षा सोपे होते. अंशतः ते खरे आहे. घडीचे भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर टेकवून धरले की चांगले फोटो येतात आणि दिल्लीत असलेल्या जावयाच्या बहिणीला ते पाठवताही येतात. पण नातवाला पडद्यावर दाखवलेले उंबर त्याने स्वतः डोळ्याने पाहिलेल्या उंबराइतके खरे वाटत नाही, आणि मोबाइल हाती आला की दोन मिनिटांत तो दुसरेच काही पाहू लागतो. दहा पटींच्या पुढे जायचे असेल, म्हणजे डबक्यातल्या पाण्याचा थेंब पाहायचा असेल, तर मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये विकसित करून २०१४ मध्ये मांडलेला फोल्डस्कोप हा कागदाच्या घड्यांचा सूक्ष्मदर्शक आहे. तो सुमारे १४० पट मोठे दाखवतो. थेंब काचपट्टीवर घेऊन तो नीट सरकवण्याइतका हात स्थिर झाला की तो आणायचे आम्ही ठरवले आहे.

तेव्हा खरेदीचा हिशेब असा. १,४९९ रुपयांच्या पेटीतून माझ्या मते बरणी आणि चिमटा एवढेच घेण्यासारखे आहे आणि या दोन्ही गोष्टींची सोय स्वयंपाकघरातून होऊ शकते. काचेचे, तीन काचांचे, दहा पटींचे घडीचे भिंग ५०० ते ८०० रुपयांपर्यंत विज्ञानसाहित्याच्या किंवा सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानात मिळते. घेताना आलेखाचा कागद खिशात घेऊन जावा आणि कडेच्या रेषा पाहूनच पैसे द्यावेत. ‘३०X’, ‘६०X’ असे छापलेले असल्यास खिडकीची चाचणी दुकानातच करावी, दुकानदार थोडा वैतागतो, पण करू देतो. पाच वर्षांखालच्या मुलाला हे भिंग देऊ नये. त्याला मुठीचे, दोन-तीन पटींचे काचेचे भिंग पुरते, कारण एक डोळा मिटून दुसरा उघडा ठेवणे त्या वयात जमत नाही.

आमच्या भिंगाची बिजागरी नोव्हेंबरमध्ये सैल झाली आणि काच आपोआप बाहेर लोंबू लागली. गावातल्या घड्याळजीने बारीक स्क्रू आवळून दिला, पैसे घेतले नाहीत, पण त्याआधी स्वतःच्या डोळ्यावरचे भिंग काढून आमचे डोळ्याला लावले आणि काउंटरवर उघडलेल्या घड्याळाची चाके बराच वेळ पाहिली. नातवाला परत देताना त्याने एवढेच विचारले, “कुठून आणलंस रे हे?”